केनियातल्या मुलीची फी थेट पाठवावी का?

निरुपमा_क | १६ डिसेंबर २०२३

प्रश्न लांबट आहे, आधीच माफी मागते.

सहा वर्षांपूर्वी एका आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत मी पश्चिम केनियातल्या सिआया काउंटीतल्या एका मुलीच्या शिक्षणाचं प्रायोजकत्व घेतलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. महिन्याला ३० डॉलर खात्यातून आपोआप जातात. वर्षाला दोन पत्रं, एक फोटो आणि एक छापील अहवाल येतो. मुलीचं आणि संस्थेचं नाव देत नाही, कारण पुढे कळेलच.

पहिली दोन वर्षं पत्रं म्हणजे निव्वळ फॉर्म. आवडता रंग निळा, आवडता विषय गणित, देव तुमचं भलं करो. मला कंटाळा आला होता, खरं सांगते. मग एकदा सहज विचारलं, तुमच्या घरी सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं? उत्तर आलं, "गाय." आणि खाली तिचा प्रश्न, तुमच्याकडे किती गाई आहेत? मी लिहिलं, एकही नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी जे पत्र आलं त्यात पेन दाबदाबून लिहिलं होतं, "मग तुम्हाला दूध कोण देतं?" तेव्हापासून तिच्या पत्राची मी वाट बघायला लागले.

गेल्या महिन्यात तिचा आठवीचा, म्हणजे केसीपीईचा, निकाल लागला. ५०० पैकी ३४१. ही परीक्षा आता बंद झाली, तिची शेवटचीच बॅच. मी खूश होते. आणि गेल्या मंगळवारी फेसबुकवर एका तरुणाचा मेसेज आला. मी तिचा मोठा भाऊ, तिचा मुलींच्या निवासी शाळेत नंबर लागलाय, जानेवारीत फॉर्म वनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्गात, हजर व्हायचंय, ६५ हजार शिलिंग लागतील, एम-पेसा (मोबाइलवरून पैसे घ्यायची सोय) नंबर खाली देतोय. सोबत प्रवेशपत्राचा फोटो. माझं नाव त्याने "निरूपामा" असं लिहिलंय. ती पत्रात अगदी असंच लिहिते.

संस्थेचा नियम स्पष्ट आहे: कुटुंबाशी थेट संपर्क नाही, थेट पैसे नाहीत. संस्थेला कळवलं तर मुलीला कार्यक्रमातून काढतील अशी भीती वाटते. नाही कळवलं तर मी फसतेय की काय, ही दुसरी भीती. आजच्या विनिमय दराने ही रक्कम सव्वाचारशे डॉलरच्या आसपास जाते. माझ्यासाठी ती किरकोळ नाही, पण अशक्यही नाही.

पाठवू का? आणि ६५ हजार हा आकडा तरी खरा वाटतो का?

शंकासूर | १६ डिसेंबर २०२३

पाठवू नका.

त्याला तुमचं फेसबुक सापडलं ते तुमच्या पत्रांवरच्या नावावरून. म्हणजे ज्याच्या हाताखालून ती पत्रं गेली तो कुणीही असू शकतो. भाऊ, शिक्षक, केंद्रातला कारकून, शेजारी.

दुसरं म्हणजे, ही जी "माझी मुलगी" भावना आहे ना, ती मुद्दाम घडवलेली आहे. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात जॉन लँग्डन-डेव्हिस या पत्रकाराने ही युक्ती काढली: एक देणगीदार, एक मूल, मधे पत्रं. त्यातून आजची प्लॅन इंटरनॅशनल उभी राहिली. युक्ती इतकी चालली की बाकीच्यांनीही उचलली. प्रत्यक्षात पैसे बहुतेक ठिकाणी एकत्र होतात आणि गावाच्या विहिरीवर, वर्गखोलीवर, कार्यालयावर खर्च होतात. १९८२ मध्ये एका ब्रिटिश मासिकाने मुखपृष्ठावरच वाचकांना विनवलं होतं की असं मूल दत्तक घेतल्यासारखं करू नका, त्याने गावात हेवेदावे होतात. चाळीस वर्षं झाली, जाहिराती त्याच आहेत.

तुमच्या संस्थेच्या पत्रकात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, मग बोलू.

निरुपमा_क | १७ डिसेंबर २०२३

वाचलं. "आपली देणगी मुलाच्या समुदायाच्या विकासासाठी वापरली जाते." सहा वर्षं मी ते वाक्य वाचलंच नव्हतं. म्हणजे तिची फी मी कधी भरलीच नाही?

टिपकागद | १७ डिसेंबर २०२३

शंकासूर, अर्धंच सांगितलंत.

सगळ्या संस्था सारख्या नसतात. काही ठिकाणी पैसा खरोखर त्या मुलाच्या फीला, गणवेशाला, डॉक्टरला जातो. अशाच एका कार्यक्रमाचा, कम्पॅशन इंटरनॅशनलचा, ब्रूस वायडिक, पॉल ग्लूई आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा देश, त्यात केनिया आणि युगांडाही. १०,१४४ माणसांची माहिती. मला त्यातली पद्धत आवडली: कार्यक्रम गावात आला तेव्हा ज्यांचं वय उलटून गेलं होतं त्या मोठ्या भावंडांशी त्यांनी तुलना केली. घर तेच, आईबाप तेच. प्रायोजित मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली आणि माध्यमिक शिक्षण पुरं करण्याचं प्रमाण १२ ते १८ टक्के-बिंदूंनी वाढलं. हे थोडं नाही.

उलट बाजूही सांगतो. निरुपमाताईंच्या सिआयाच्या शेजारी बुसिया आहे. तिथल्या ७५ शाळांत एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी मुलांना जंताच्या गोळ्या दिल्या आणि गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने उतरली. गोळी काही सेंटची. क्रेमरना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं, बॅनर्जी आणि डफ्लो यांच्याबरोबर. त्यामुळे गावावर खर्च झाला म्हणजे वाया गेला, असं नाही. फक्त जाहिरातीत गोळीचा फोटो कोण लावणार!

किसुमूकर | १७ डिसेंबर २०२३

निरुपमाताई, मी २००६ ते २०१५ किसुमूजवळच्या ऊसपट्ट्यात एका साखर कारखान्यात होतो. आमचे निम्मे फिटर सिआयाचे. त्यामुळे आधी तुमच्या आकड्याकडे येतो.

केनियात सरकारी प्राथमिक शाळा २००३ पासून मोफत आहे. किबाकी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि जानेवारीत एकेका वर्गात शंभर शंभर पोरं कोंबली गेली. किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा पुढच्या वर्षी गणवेश घालून पहिलीत जाऊन बसले, ते याच लाटेत. माध्यमिकची शिकवणी २००८ पासून सरकार भरतं, हल्ली विद्यार्थ्यामागे वर्षाला २२,२४४ शिलिंग. पालकांना पडतो तो निवासाचा खर्च. राष्ट्रीय शाळेत ५३,५५४ आणि मोठी शहरं सोडून बाकीकडच्या निवासी शाळेत ४०,५३५. हा सरकारी आकडा. त्यावर शाळा काय काय चढवते ते वेगळं. ही फी तीन सत्रांत ५०:३०:२० अशी फोडतात, म्हणजे जानेवारीतच वीस हजारांवर.

आणि मग ट्रंक. हे बाहेरच्याला कळत नाही. फॉर्म वनला जाताना शाळा एक यादी हातात देते आणि फाटकावर शिक्षक त्या यादीप्रमाणे एकेक वस्तू मोजून घेतात. पत्र्याची ट्रंक, कुलूप, गादी, ब्लँकेट, दोन चादरी, बादली, काळे बूट, खेळाचे बूट, स्वेटर, गणवेशाचे दोन जोड (बऱ्याचदा शाळेकडूनच घ्यायचे, बाजारापेक्षा महाग), कंपास, ॲटलास, इंग्रजी आणि स्वाहिली शब्दकोश, सॅनिटरी पॅड. पॅड सरकारने फुकट द्यायचे असा कायदा २०१७ मध्ये झालाय, पण यादीत असतात. गादी नसेल तर पोरीला परत पाठवतात. जानेवारीत किसुमूच्या बस थांब्यावर टपांवर नुसत्या निळ्या-काळ्या ट्रंका आणि गुंडाळलेल्या गाद्या दिसायच्या.

तेव्हा ४० हजार फी आणि २५ हजारांची ट्रंक, वर्षाचे ६५ हजार हा हिशेब मला पटतो. फसवणारा बहुधा गोल आकडा सांगतो आणि घाई करतो. पण आकडा पटला म्हणून माणूस खरा ठरत नाही, हेही आहेच.

त्याला तीन गोष्टी विचारा. शाळेचं "फी स्ट्रक्चर" मागा: एक छापील पान असतं, त्यावर सत्रवार रक्कम आणि शाळेचा बँक खाते क्रमांक असतो. मग विचारा, बर्सरीसाठी, म्हणजे गरजू मुलांच्या फीला मिळणाऱ्या मदतीसाठी, अर्ज केला का? मतदारसंघाच्या विकास निधीतून बर्सरी मिळते, त्यासाठी चीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयाचा शिक्का लागतो. ज्या घरात खरंच पोरगी शाळेत जायची आहे तिथे डिसेंबरात याशिवाय दुसरा विषय नसतो, तो भडाभडा बोलेल. आणि विंग्ज टू फ्लायला अर्ज केला होता का? ती इक्विटी बँकेच्या प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती, २०१० पासून आहे. मिळणं कठीण, पण प्रयत्न केला असेल तर कळतं.

एम-पेसावर मात्र एक शिलिंगही नको. पैसे शाळेच्या खात्यात जायला हवेत. हे मी अक्कलखाती शिकलोय, ते सांगतो.

आमच्या फाटकावर जो अस्कारी होता, रखवालदार, त्याचा मुलगा हुशार होता. मी फी द्यायचं ठरवलं. पहिल्या सत्राचे रोख दिले, भरले गेले. दुसऱ्या सत्राचे रोख दिले आणि फेब्रुवारी-मार्चसारखीच जूनमध्येही पोरांची रांग रस्त्याने घराकडे निघालेली दिसली, त्यात हा. फी थकली की तिथे पोरांना घरी हाकलतात. नको म्हणून वरून आदेश येतात, तरी हाकलतात. मी अस्कारीवर भडकलो. तो शांतपणे म्हणाला, आई वारली. तिकडच्या लुओ समाजात अंत्यविधीला सगळं गाव येतं, चार चार दिवस राहतं, बैल कापावा लागतो. घरात होते ते पैसे माझेच होते. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं? तेच. त्यानंतर मी बँकेत शाळेच्या खात्यावर भरायचो आणि स्लिप मुलाच्या हातात द्यायचो, तो ती शाळेच्या बर्सरला, म्हणजे हिशेबनिसाला, दाखवून पावती घ्यायचा. अडीच वर्षं बिनघोर चाललं.

पुढचं सांगायला जड जातं. २०१५ मध्ये माझं कंत्राट संपलं. मुलगा फॉर्म थ्रीला. निघताना मी त्याच्या बापाला सांगितलं, पाठवत राहीन. एक सत्र पाठवले. मग नवी नोकरी, नवा देश, घर लावणं, आणि राहून गेलं. कुणी फसवलं नाही, संस्था बुडाली नाही, पैसे नव्हते असंही नाही. मीच राहू दिलं. दोन वर्षांनी जुन्या फिटरशी फोनवर बोलताना कळलं, तो बोडाबोडा चालवतो. मोटारसायकलची टॅक्सी. बरं चाललंय म्हणाला. मी पुढे विचारलं नाही.

म्हणून ६५ हजारांचं मला फार वाटत नाही. फॉर्म वन ते फोर चार वर्षं आहेत, तिची शेवटची परीक्षा २०२७ च्या अखेरीस येईल. तोवर दर जानेवारी, मे आणि ऑगस्टला तुम्ही आहात का? नसाल तर आत्ताच सांगा. त्यांना गावातल्या दिवसाच्या शाळेत घालता येईल. तिथे दुपारचं जेवण आणि गणवेश एवढाच खर्च. मुलीला ती शाळा तितकी बरी नाही, लांब चालणं, घरची कामं, रात्री दिवा नाही, वाटेत बोडाबोडावाल्यांचा त्रास. पण तिथे फीसाठी हाकललं जाण्याची आणि मधेच सुटण्याची भीती कमी.

क्रिस म्बुरु यांची गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत असते. मिताहातो गावचा गरीब मुलगा, हार्वर्डमधून कायदा शिकला, संयुक्त राष्ट्रांत मानवाधिकारांचं काम करू लागला. शाळेत असताना त्याची फी स्वीडनमधली हिल्डे बाक नावाची बाई भरायची, दर सत्राला १५ डॉलरच्या आसपास. पुढे त्याने स्वतः गरीब मुलांसाठी निधी काढला, त्याला तिचंच नाव दिलं आणि मग तिला शोधून काढलं. बाई बालवाडीची शिक्षिका निघाली, साधी. मूळची जर्मनीतली ज्यू, लहानपणी नाझींमुळे तिचीच शाळा सुटली होती, आईवडील छळछावण्यांत गेले. लोक या गोष्टीत हार्वर्डचं कौतुक करतात. मला त्यात एकच दिसतं, की ती बाई सत्र चुकवत नव्हती.

दुसरं_टोक | १८ डिसेंबर २०२३

इथे सहसा लिहीत नाही. मी त्या पाकिटाच्या दुसऱ्या टोकाला होतो. माझी एक परदेशी प्रायोजक होती, दुसरी ते सातवी.

पत्रं सगळी सारखी का, तर सर फळ्यावर नमुना लिहायचे आणि आम्ही उतरवायचो. आवडता रंग निळा हा फळ्यावरचाच, मलाही निळाच होता. त्यामुळे गाईचं उत्तर ज्या मुलीने लिहिलं, तिने फळ्याकडे पाठ फिरवून लिहिलंय. ते पत्र जपून ठेवा.

एक वाईट आठवण. वाढदिवसाला प्रायोजकाकडून भेट यायची. माझ्या नावाची दप्तरं, चपला. माझ्या भावाचं नाव यादीत नव्हतं. एका घरात एकालाच घ्यायचे. तो काही म्हणायचा नाही, फक्त माझ्या चपला मी झोपल्यावर घालून बघायचा. त्या भावाने तुम्हाला मेसेज केला असेल, तर तो कदाचित सहा वर्षं बाजूला उभा राहून बघणारा भाऊ असेल. चोरच असेल असं धरून चालू नका.

सातवीत पत्रं थांबली. का, ते कुणी सांगितलं नाही. मी बरेच दिवस समजत होतो की माझं अक्षर बिघडलं म्हणून. त्या बाईंची नोकरी गेली असेल, आजारी असतील, काहीही असेल. एक ओळ आली असती तर चाललं असतं. तुम्ही द्या किंवा देऊ नका, पण जे कराल ते तिला कळवा.

आणि संस्थेला सांगा. मूल कुठल्या गावात राहतं, कुठल्या शाळेत जातं हे परक्याला कळू नये म्हणून तो नियम असतो. तुम्ही चांगल्या आहात, पण यादीतले सगळेच तुमच्यासारखे नसतात. भाऊ भोळेपणाने दुसऱ्या कुणालाही असाच मेसेज करेल.

शंकासूर | १८ डिसेंबर २०२३

वरच्या प्रतिसादानंतर माझा "पाठवू नका" जरा कोरडा वाटतोय. एम-पेसावर पाठवू नका, एवढं कायम ठेवतो.

निरुपमा_क | ५ जानेवारी २०२४

थोडक्यात सांगते, सविस्तर नंतर लिहीन. भावाला फी स्ट्रक्चर मागितलं. बर्सरीबद्दल विचारल्यावर तो खरंच भडाभडा बोलला, चीफ रजेवर आहे म्हणून शिक्का अडलाय इथपर्यंत. संस्थेलाही सगळं कळवलं. त्यांनी मला एक कडक मेल पाठवला आणि मग गावातल्या कार्यकर्तीला घरी पाठवलं. मुलीला काढणार नाहीत. भाऊ खरा आहे, शाळा खरी आहे. शैक्षणिक भेट म्हणून पैसे संस्थेमार्फत थेट शाळेच्या खात्यात जाऊ शकतात, पण त्यांच्या कागदपत्रांना तीन-चार आठवडे लागतात आणि शाळा पंधरवड्यात उघडतेय. फक्त फीच भरता येते, ट्रंकेचं सामान त्यांच्या नियमात बसत नाही.

चार वर्षांचा हिशेब मांडला. तीस डॉलर चालू ठेवून वर फी, असं मला झेपणार नाही. मासिक देणगी निम्मी करून मागितली, ते हो म्हणाले. कुणाला वाईट वाटेल, पण गावापेक्षा मी तिला निवडलं. टिपकागद, जंतांच्या गोळ्या तुमच्याकडे लागल्या.

किसुमूकर | ५ जानेवारी २०२४

शाळेने पहिल्या दिवशी अडवलं तर संस्थेचं "पैसे येत आहेत" असं पत्र मुख्याध्यापिकेला दाखवायला सांगा. शिक्का मोठा असू दे. तिथे शिक्क्यावर फार चालतं.

निरुपमा_क | २१ मे २०२४

उशीर झाला. किसुमूकर, शिक्क्याचं पत्र चाललं. पहिल्या सत्राचे पैसे ९ फेब्रुवारीला पोचले, तोवर तिला बसू दिलं. दुसऱ्या सत्राचे मी एप्रिलमध्येच पाठवले होते, पण तिकडे पूर आले आणि सगळ्या देशातल्या शाळा दोन आठवडे उशिरा, १३ मेला उघडल्या. तिचं गाव सुरक्षित आहे.

काल पत्र आलं. नव्या शाळेतलं पहिलंच, फॉर्म नाही, वहीचं पान फाडून लिहिलंय. वसतिगृहात चाळीस मुली एका खोलीत, पहाटे साडेचारला घंटा होते. रसायनशास्त्र आवडतं, कृषीचे सर रागीट आहेत. माझं नाव अजून "निरूपामा"च आहे आणि मी ते दुरुस्त करणार नाहीये.

ट्रंक आणि गादी कुठून आली हे मी विचारलं होतं. तिने लिहिलंय, गाय डिसेंबरातच विकली. खाली कंसात, "आता आम्हीपण दूध शेजारून आणतो, तुमच्यासारखं."

तिसरं सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं. जुलैच्या पानावर खूण करून ठेवली आहे.